डावीकडे कललेली खुर्ची

१९९३च्या दिवाळीपर्यंत बरकतपुऱ्यातल्या पद्मावतीबाई रोज बसत असत. त्यानंतर त्यांचं बसणं नियमबाह्य ठरलं.

त्यांचे यजमान लक्ष्मणराव आधुनिक फर्निचर घडवत, शिल्पंही करत. हयातीत त्यांचं कौतुक करायला कुणाला सवड झाली नाही. नातेवाईक तर त्यांची स्टुलं लग्नात आहेर म्हणून घेत आणि पुढच्या मुंजीत दुसऱ्याच्या गळ्यात मारत. बाई जिन्यावरून पडल्या, डावी कंबर कायमची धरली, तेव्हा लक्ष्मणरावांनी मुद्दाम डावीकडे कललेली सागवानी खुर्ची केली. अख्ख्या हैदराबादेत तेवढ्या एकाच जागी बाईंना कळ येत नसे. लक्ष्मणराव गेले, खुर्ची राहिली, बाईंचं बरं चाललं होतं.

मग देश खुला झाला. परदेशी पाहुणे यायचे, त्यांना दाखवायला वारसा हवा, आणि घाई तर विचारू नका! कला-वारसा महामंडळाचे अधिकारी मिलिंद खुर्चीपुढे हात जोडून उभे राहिले.

"हा डावा कल म्हणजे आधुनिक माणसाची बेचैनी," ते गहिवरून म्हणाले.

"कसली बेचैनी? माझी कंबर आहे ती," बाई म्हणाल्या.

मिलिंदनी दार लोटून घेतलं. "काकू, इथे बोललात ते बोललात. अहवाल छापून झालाय."

निदान आता तरी यांचं नाव होतंय, म्हणून बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्ची दान केल्याची सही केली. खुर्ची हलवायला महामंडळाकडे इमारत नव्हती, म्हणून बाईंचा दिवाणखानाच संग्रहालय झाला. खुर्चीला नंबर पडला, भोवती दोरी लागली आणि अंजय्या नावाचा पहारेकरी आला.

"नक्को अम्मा, उसपे नै बैठना," तो हळहळून म्हणाला. "नंबर पड गया."

बाईंनी अर्ज केला. महामंडळाला दया आली. कुकटपल्लीतल्या एका नव्या कारखान्याला हुबेहूब खुर्ची करायला सांगितलं. कारखाना दर्जाच्या बाबतीत भलताच काटेकोर. तपासणीत त्यांना डावा कल सापडला. दोष म्हणून त्यांनी तो काढून टाकला. सरळसोट खुर्ची प्रमाणपत्रासह घरी आली. बाई तिच्यावर टेकल्या आणि "आई गं!" करत उठल्या.

एव्हाना उभं राहून राहून अंजय्याचे पाय सुजले. पहारेकऱ्यासाठी खुर्चीची तरतूद नव्हती. सरळ खुर्ची बाईंच्या नावावर, म्हणजे खासगी. महामंडळाच्या मालकीची खुर्ची त्या घरात एकच होती. कर्तव्यावर असताना तिचाच वापर करावा, असा लेखी आदेश निघाला.

अंजय्या बिचारा शरमेने अर्धा झाला. पाहुणे नसले की मुकाट उठायचा, दोरी उचलून धरायचा आणि बाई घटकाभर बसायच्या. काय बरं वाटायचं त्यांना!

पण एका रविवारी तुम्ही आलात. हो, तुम्हीच, कलेची जाण असलेली मंडळी! आणि वहीत अभिप्राय लिहून गेलात: 'प्रदर्शन अप्रतिम. मात्र एक म्हातारी खुशाल खुर्चीवर बसली होती. संबंधितांनी लक्ष घालावे.'

संबंधितांनी लक्ष घातलं. अंजय्याची बदली झाली, बाई दाराशी उभ्या राहू लागल्या. परवा पुन्हा आलात, तेव्हा शिपाईण समजून पाणी तुम्ही त्यांच्याकडेच मागितलंत.