मामलेदाराचे कल्ले

खोटं पचवायची एक युक्ती मला सापडली आहे. तुम्हाला फुकट सांगतो. बोललेलं खोटं खरं करून टाकायचं! मग ते खोटं राहतच नाही, आणि माणूस दोन घास सुखाने जेवतो.

२००२ साली मी दोह्याहून रत्नागिरीला परत आलो, तेव्हा आमच्या अख्ख्या राजिवडा मोहल्ल्यात बातमी होती की गनी, म्हणजे मी, तिकडे पाणबुड्या होता. ही बातमी अर्थातच मी पसरवलेली. कंपनी पाणबुड्यांची होती, एवढं खरं. मी तिच्या गुदामात स्टोअरकीपर होतो. सिलेंडर मोजायचे, रबरी सूट धुऊन वाळत घालायचे, आणि पाणबुडे पाण्यात गेले की त्यांच्या चपला सांभाळायच्या. पण घरी पाठवायच्या पत्रात 'चपला सांभाळतो' असं कोण लिहितं, तुम्हीच सांगा!

त्यात नाटे गावाहून स्थळ आलं. सकिना, हसन तांडेलांची मुलगी. हसन तांडेल म्हणजे चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. सकिनाला मी मामेबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मध्यस्थ आमचे मामू. ते निरोप घेऊन आले.

"तांडेलांनी विचारलाय, मुलगा दर्यावर जातो काय?"

तांडेलाची मुलगी, तिला दर्यावर्दी नवरा हवा असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी छाती फुगवली. "दर्यावर? मामू, मी दर्याच्या खाली जातो, खाली! तसंच सांगा!"

मामूंनी तसंच सांगितलं. आता हे खोटं उघडं पडलं तर? हे लग्न मोडलं तर पुन्हा दोह्याला, पुन्हा त्याच चपला! आणि नेमकी तेव्हाच बंदराजवळच्या नव्या मत्स्यालयाच्या दारावर पाटी लागली: 'स्वयंसेवक पाणबुडे पाहिजेत. मानधन नाही. चहा मिळेल.' निकाहाच्या आत खरोखरचा पाणबुड्या व्हायचं, म्हणजे खोटं आपोआप खरं! मी त्याच दिवशी नाव घातलं.

मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी आम्हा तिघांना तीन आठवडे शिकवलं. दोघे चहा पिऊन पळाले. उरलो मी. मत्स्यालयाच्या प्रमुख खातू मॅडम भारी कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मासे आपले पाहुणे आहेत. त्यांना हात लावायचा नाही!"

"मॅडम, आमच्याकडे पाहुणे आले की मासे आणतात. मासेच पाहुणे आल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय."

मॅडम हसल्या नाहीत.

टाकीतला सगळ्यात मोठा पाहुणा म्हणजे तीस किलोचा गोब्रा. दगडाच्या कपारीत तोंड वासून बसायचा, आणि पुढ्यात काही ठेवल्याशिवाय जागचा हलायचा नाही. म्हणून टाकीवर काम करणाऱ्या केरूने त्याचं नाव ठेवलं होतं मामलेदार. माझं काम एवढंच, की बांगड्याच्या तुकड्यांची जाळीदार पिशवी कमरेला बांधून खाली जायचं, सगळ्या माशांना भरवायचं आणि काचेपलीकडच्या लोकांना हात हलवून दाखवायचा. कमरेला दुसरा एक दोर असायचा, त्याचं टोक वर केरूच्या हातात.

रविवारी हसन तांडेल मला पाण्यात बघायला येणार, असं ठरलं. नाट्याहून एक जीप आली. जीपमध्ये किती माणसं बसतात हे कंपनीने ठरवलेलं असतं, पण ते नाट्याला कुणी कळवलेलं नाही. उतरता उतरता सोळा माणसं उतरली! इकडून आमची अम्मी, मामू, शेजारच्या मालनताई आणि निम्मा राजिवडा. काचेला नाकं चिकटली. सकिना आपल्या आईजवळ उभी होती, हिरव्या ओढणीत. मी पिशवीला घाईघाईने तीन-चार गाठी मारल्या आणि 'बिस्मिल्ला' म्हणून उतरलो.

पहिली दहा मिनिटं काय सांगू! मी हात हलवला, लोकांनी हात हलवले. पालू, तांबोशी, सगळे माझ्या हातून खाऊन गेले. अम्मी प्रत्येकाला कोपराने ढोसून सांगत होती, हा माझा! हसन तांडेलांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा होता. मला वाटलं, मामलेदाराला भरवल्याशिवाय हा माणूस खूश व्हायचा नाही.

मी कपारीपाशी गेलो. मामलेदार आडवा पडला होता. हलेना, डुलेना. बांगडा नाकापुढे धरला तरी ढिम्म! मी घाबरून काचेकडे पाहिलं. अम्मीच्या कपाळावर आठ्या. तिने आपला गाल बोटाने उचलल्यासारखं केलं.

आता आमच्या घरची रीत ऐका. कल्ले बघितल्याशिवाय मासा आमचा उंबरठा ओलांडत नाही. मी सातव्या वर्षापासून अम्मीबरोबर मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जातोय. कल्ला उचल, लाल असेल तर घे, फिका असेल तर पुढे चल. ही सवय हातात असते, तिथे डोक्याला कुणी विचारत नाही. समोर निपचित मासा, काचेपलीकडे अम्मी. माझा हात गेला आणि मी मामलेदाराचा कल्ला उचलला!

लालभडक! एकदम ताजा! मी वळून अम्मीला खूण केली, घ्यायला हरकत नाही. काचेपलीकडे निम्म्या राजिवड्याने समाधानाने माना डोलावल्या. मालनताईंनी तर बोटं वर करून भाव विचारला. फक्त खातू मॅडमनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

आणि मामलेदार जागे झाले! आयुष्यात कुणी त्यांचे कल्ले तपासले नव्हते. त्यांनी जबडा उघडला आणि माझी पिशवी एका घोटात आत! पिशवी माझ्या कमरेला, कमर माझ्याबरोबर! मामलेदार टाकीभर पळत सुटले आणि मी त्यांच्यामागे उलटा, सुलटा, पुन्हा उलटा! बाहेर टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, हाच मुख्य कार्यक्रम! केरू वरून दोर ओढतोय, मामलेदार खालून ओढतायत, आणि मधे मी गाठ सोडतोय. ती सुटेल तर शपथ!

शेवटी दोर खसाखसा वर येऊ लागला. हा जोर केरूचा नव्हता. जाळी फाटली, मामलेदार बांगडे घेऊन कपारीत गेले, आणि मी टाकीच्या कट्ट्यावर धपकन पडलो. डोळे उघडले तर समोर हसन तांडेल! पांढरे कपडे ओलेचिंब, हातात दोर.

त्यांनी माझ्या कमरेची गाठ उलटीपालटी करून पाहिली. "ही गाठ कोनी मारली?"

"मी."

"दर्यावरचा मानूस अशी गाठ मारीत नाय. खरा सांग, दोह्यात काय करीत होतास?"

मागे सकिना येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे मामू. खोटं बोलायला अंगात श्वास नव्हता. "गुदामात होतो, चाचा. स्टोअरकीपर. सिलेंडर मोजायचो. चपला..." पुढचं गिळलं. मला रडू आलं, पण अंग आधीच ओलं असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

हसन तांडेल मटकन खाली बसले. "अरे, मग आदी बोलायचास ना! आमी आज तुला नाय म्हनायला आलो होतो!"

"म्हणजे?"

उत्तर सकिनाने दिलं. "वादळ झाला की आई धक्क्यावर उबी राहते. अब्बांची होडी दिसेपर्यंत तिच्या तोंडात घास जात नाय. मी लहानपनापासून बघतंय. म्हनून मीच विचारायला सांगितला होता, मुलगा दर्यावर जातो काय. जात आसला तर नको. मना रोज सांजच्याला घरी येनारा मानूस पायजे."

मी मामूंकडे पाहिलं. मामू छताकडे पाहत होते.

हसन तांडेलांनी मुलीला विचारलं, "मग? आता काय म्हनतंस?"

सकिनाने मला नखशिखांत न्याहाळलं. एका पायातला रबरी पंख गेलेला, कानात बांगड्याचा काटा. ती हसली. "हा परत पान्यात जाईल आसा वाटत नाय, अब्बा. चालेल."

खातू मॅडमनी त्याच दिवशी माझं नाव खोडलं. चहासुद्धा दिला नाही.

मला बंदरावरच्या एका गुदामात नोकरी लागली आणि महिन्याने निकाह झाला. काझीसाहेबांनी विचारलं, "नवऱ्याचा व्यवसाय?" मी तोंड उघडायच्या आत सासरे भर मजलिशीत गरजले, "स्टोअरकीपर! आनि लिवा, जमिनीवरचा!" चारशे माणसांत कुणीही हसलं नाही, असं मला वाटतं. माझ्या कानात अजून थोडं पाणी होतं.