कंपनी जेवायला येतेय

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे सुखदेवभाऊ स्वतःबद्दल बोलताना सहसा "मी" म्हणत नाहीत, "कंपनी" म्हणतात. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन येतो, "जयभीम ताई. कंपनी आज जेवाले येऊन राह्यली. भाकर टाकजो." सर्दी झाली की, "कंपनीचं नाक गळून राह्यलं." बहरीनमधल्या उम्म अल हस्सम या आमच्या वस्तीतल्या दुकानदाराची बरेच दिवस समजूत होती, की भाऊंच्या खोलीत अख्खी कंपनी राहते आणि सगळे मिळून दोनच अंडी खातात.

यामागे कारण आहे. बहरीनमध्ये आमच्यासारख्यांच्या तोंडी हा शब्द उठता-बसता असतो. व्हिसा कंपनी देते, खोली कंपनी देते, लीव्ह कंपनी देते किंवा देत नाही. मूळचे मूर्तिजापूरकडचे सुखदेवभाऊ. त्यांची उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ट्रक चालवण्यात गेली. मग सगळी कागदपत्रं रीतसर करून त्यांनी स्वतःचा ट्रक घेतला. जुनाच, पण काय ऐट त्याची! त्या दिवशी पेढे वाटत ते म्हणाले, "आता कंपनी म्हंजे मीच." तेव्हापासून ट्रकच्या दारावर धूळ दिसली की भाऊ शर्टाच्या बाहीनं पुसतात. शर्ट मळलेला चालतो, कंपनी मळलेली चालत नाही.

तर मध्यंतरी मआमीर भागातल्या एका गोदामाला वर्षभरासाठी ट्रकवाला हवा होता. काम मिळालं तर भाऊंची कंपनी टिकणार होती, नाहीतर पुन्हा दुसऱ्याचं स्टिअरिंग. गोदामाच्या मॅनेजरची अट एकच, बिझनेस प्लॅन आणा.

भाऊ पेटलेच. "प्लॅन घराचा असते, ताई! घर एका जागी उभं राह्यते. माह्या गाडीले चाकं हायेत!"

आमच्या ह्यांनी लगेच त्यांची री ओढली. "बरोबर आहे. एका ट्रकला कसला आलाय प्लॅन?"

मी ऑफिसात असले प्लॅन टाइप करून करून बोटं झिजवलेली बाई. म्हटलं, "एकट्यालाच जास्त लागतो. मोठ्या ठिकाणी एकानं गोंधळ घातला तर दुसरा निस्तरतो. तुमचं कोण निस्तरणार?"

"मंग लिव," भाऊ म्हणाले. "कंपनी सांगते, तू लिव."

शुक्रवारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला.

"मॅनेजमेंट?"

"मी."

"स्टाफ?"

"एक ड्रायव्हर हाय. सोन्यासारखा मानूस. पन चहा लय पेते."

"धंद्यातले धोके?"

"त्याचा चहा."

"पाच वर्षांनी कंपनी कुठे असेल?"

"सित्राच्या सिग्नलवर. तो कधी सुटते?"

हसून हसून आमच्या ह्यांना ठसका लागला. मग लीव्ह पॉलिसी आली. मी आपली विचारते, "लिहू ना, वर्षभर अखंड सेवा?"

भाऊंनी नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "लिव. ड्रायव्हरच्या घरून फोन आला, तर त्याच दिवशी लीव्ह. कंपनी त्याले 'कायले' म्हनून इचारनार नाई."

"भाऊ, असं लिहिलं तर काम हातचं जाईल हो."

"जाऊ दे." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "माय गेली तवा मी हाफिसात साहेबासमोर उभा होतो. साहेब म्हने, पयले माल उतरव, मंग पाहू. म्या उतरवला, ताई. मंग लीव्ह भेटली. मी घरी पोचलो, तवा समदं उरकलं होतं." मग म्हणाले, "त्या ड्रायव्हरनं चांगल्या साहेबाची लय वाट पाह्यली. आता कुठं भेटला त्याले."

माझे डोळे भरून आले. पण प्लॅन तो प्लॅन. "मग त्या दिवशी माल कोण नेणार, तेवढं तरी सांगा," मी म्हटलं.

भाऊंनी शेजारी ट्रक लावणाऱ्या पेशावरच्या खानला फोन लावला. "खानभाई, हमारे घरसे फोन आया तो हमारा माल तुम. तुम्हारे घरसे आया तो तुम्हारा माल हम." पलीकडून खान ओरडला, "खलास!" म्हणजे ठरलं. मी तेही लिहिलं.

दोन-तीन दिवसांनी भाऊ मआमीरहून आले ते खाली न थांबता सरळ आमच्याकडे. मॅनेजरनं नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं होतं. "ये लाइन निकालो, अभी साइन करता हूँ."

"मग?" माझा जीव टांगणीला.

"म्या म्हनलं, बाकी सब निकालो, ये लाइन निकालना मफी, म्हंजे नाईच. खालची खानची ओळ वाच म्हनलं. त्यानं वाचली. मंग वरची ओळ पुन्यांदा वाचली." आमच्या दारात उभा असलेला तो दांडगा माणूस लहान पोरासारखा हसला. "ताई, ओळ ठेवली त्यानं!"

"आणि काम?"

"हां, काम बी भेटलं."