व्हँटोराचा पन्हा

योगेंद्र बोरसेचं अंतराळयान बत्तीस फुटांनी चुकत होतं. ते नेमकं कुठे चुकतंय हे सापडेपर्यंत त्याला घास जाणार नव्हता. समोर उज्ज्वलाने वाढलेलं भरताचं ताट होतं, ताटाच्या पलीकडे कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर 'व्हँटोरा' तिरकं होऊन तरंगत होतं. भरीत गार झालं होतं.

"अहो, बत्तीस फूट कमी पडतंय तर वाढवून टाका ना," उज्ज्वला म्हणाली.

"बाहेरून वाढवता येत नाही. मालिकेच्या प्रत्येक भागात सांगतात, यानाची लांबी दोनशे बारा फूट."

"मग आतून कापा."

"आतून कापायला काहीतरी कारण लागतं."

"भाकरी वाळतेय, हे कारण चालेल का?"

व्हँटोरा हे एका जुन्या इंग्रजी मालिकेतलं यान. मालिका बंद पडून पस्तीस वर्षं झाली, पण तिचे भक्त जगभर शिल्लक आहेत आणि रिकामेही बरेच असावेत. त्यांनी इंटरनेटवर अंतराळयानांचं एक संग्रहालय काढलं आहे. प्रत्येक यानाचं एकच डिजिटल मॉडेल तिथे घेतात, तेही खिळ्याखिळ्यापर्यंत बरोबर असेल तर. मॉडेलच्या खाली करणाऱ्याचं नाव लागतं आणि मग ते तिथून हलत नाही.

योगेंद्रला ते नाव हवं होतं. सुरतेत उधन्याच्या एका एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये तो अकरा वर्षं मशीनची डिझाइनं काढत होता. त्याच्या बुट्ट्या आणि वेली साड्यांवर बसून पाटण्यापर्यंत जात, पण लेबलावर नाव मार्केटमधल्या शेठचं असे. एकदा चाळीसगावच्या लग्नात नवरीच्या मावशीच्या अंगावर त्याला स्वतःचा मोर दिसला. "हा मोर माझा आहे," असं तो अभिमानाने म्हणाला, तर मावशींनी पदर घट्ट आवळून घेतला आणि पुढे सगळा दिवस त्या त्याच्यापासून लांबच जेवल्या.

व्हँटोरा त्याने दोनदा पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा ते परत आलं होतं. पहिल्यांदा एक खिडकी जास्त होती. दुसऱ्यांदा परीक्षक ओल्सेन यांनी एकच वाक्य लिहिलं, की आतलं बाहेर मावत नाही. मालिकेत दिसणाऱ्या खोल्या मोजून एकापुढे एक लावल्या तर दोनशे चव्वेचाळीस फूट भरत होत्या. नियमाप्रमाणे तिसरी संधी शेवटची होती आणि तिची मुदत रविवारी संध्याकाळी सहाला संपत होती. आज गुरुवार होता.

तेवढ्यात योगेंद्रचे वडील बन्सीलाल चहाची बशी घेऊन मागे येऊन उभे राहिले. अडतीस वर्षं त्यांनी पॉवरलूमवर काढली होती, शेवटची बारा मागांवर देखरेख करणारा मास्तर म्हणून. मागांच्या खडखडाटात कान गेले होते, त्यामुळे ते घरातही कारखान्यातल्यासारखे बोलत. सिनेमा असो की बातम्या, ते गोष्ट कधी बघत नसत, कपडे बघत. कॉम्प्युटरवर आता मालिकेतली यानाच्या कप्तानाची खोली थांबवून ठेवलेली होती.

"हाऊ पडदा आडवा लायेल शे," बन्सीलाल अहिराणीत म्हणाले.

"आबा, तो अंतराळातला पडदा आहे."

"अंतराळमा ऱ्हाऊ दे नहीते बारडोलीमा. किनार देख. किनार वर शे, खाले शे. मधमा जोड शे. दोन पन्हा जोडेल शेतस."

योगेंद्रने चित्र मोठं केलं. कप्तानाच्या मागे छतापासून जमिनीपर्यंत राखाडी पडदा होता. त्याला वरून आणि खालून किनार होती, आणि किनारीलगत मागाच्या टोचणीची बारीक भोकंही होती. अकरा महिने तो ते चित्र बघत होता आणि अकरा महिने त्याला फक्त कप्तान दिसत होता.

"पन्हा केवढा असेल, आबा?"

"चव्वेचाळीस. आशा कापडले दुसरा पन्हाच नही."

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, खोटं बोलत नाही, ती माग ठरवतो. दोन पन्हे म्हणजे अठ्ठ्याऐंशी इंच, म्हणजे खोलीची उंची सात फूट चार इंच. योगेंद्र आजवर कप्तानाच्या उंचीवरून सगळं मोजत आला होता, कारण कप्तान सहा फुटी आहे असं सगळं जग मानत होतं. आता त्याने पडद्यावरून मोजायला घेतलं. खोल्या आखडत गेल्या आणि शेवटी बेरीज दोनशे बारावर येऊन थांबली. त्याने ती तीनदा केली. कप्तान मात्र सव्वापाच फुटांचा निघाला.

"म्हणजे माझ्याएवढाच," उज्ज्वला म्हणाली. "आणि ओरडतो केवढ्यांदा." त्या माणसाबद्दल तिला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

योगेंद्रने मापं ओल्सेनसाहेबांना कळवली, आणि पडद्याचा पन्हा वडिलांनी ओळखला हेही त्यांच्या नावासकट लिहिलं. उत्तर दोन तासांत आलं. पडद्याचा मुद्दा रोचक आहे, पण या हिशोबाने यानातला बोळ फक्त सव्वीस इंचांचा होतो. मालिकेत सात माणसं त्याच बोळातून सामानसुमान घेऊन दिवसभर ये-जा करतात. सव्वीस इंचांत हे शक्य नाही, आणि ज्यात माणसं वावरू शकत नाहीत असं यान संग्रहालय घेत नाही. शक्य असल्यास दाखवून द्यावे.

"दाखवून देतो," योगेंद्र म्हणाला, आणि आधी त्याने गार भरीत संपवलं.

रविवारी सकाळी तो टेरेसवर चढला. सगळं यान टेरेसवर मावलं नसतं, म्हणून त्याने मधला भाग घेतला. सव्वीस इंचांचा बोळ आणि दोन्ही बाजूंनी सात खोल्या. कापडावर खुणा करायच्या खडूने त्याने रेघा मारल्या. पण रेघ माणूस सहज ओलांडतो, भिंत ओलांडत नाही. म्हणून पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत दोऱ्या बांधून त्याने त्यांवर साड्या सोडल्या. युनिटमध्ये टाके चुकलेल्या वीस साड्या पडून होत्या, त्या त्याने शेठला विचारून आणल्या होत्या. बन्सीलालांनी प्रत्येक साडी ओळंब्यात आहे का ते पाहिलं. मग योगेंद्रने खोल्यांमध्ये खडूने नावं लिहिली. कप्तान, इंजिन, रेडिओ, स्वयंपाक, दवाखाना, सामान आणि संडास.

आता फक्त सात माणसं हवी होती. त्याने चार मित्रांना फोन केले. लग्नसराईमुळे दोघांची सुट्टी रद्द झाली होती आणि दोघे कडोदऱ्याला हळदीला गेले होते. तेव्हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे कोणी मोकळं भेटतं का ते बघायला तो खाली उतरला.

तो खाली उतरला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मंगलाबाई पापडांचं ताट घेऊन वर आल्या. फाल्गुनात टेरेसवर पहिला हक्क आपला, असं त्या धरून चालत. साड्यांचे आडोसे बघून त्या थबकल्या. त्यांनी खोल्या मोजल्या, सात भरल्या. बिल्डिंगमध्ये योगेंद्रचं सोडून बिऱ्हाडं सात होती. यापुढे त्यांना कोणाला काही विचारायची गरज वाटली नाही. टेरेसची वाटणी झाली होती आणि ती त्यांना न सांगता झाली होती.

त्यांनी 'कप्तान' लिहिलेल्या खोलीत पापड टाकले आणि जिन्यात तोंड घालून हाक मारली.

योगेंद्र चहावाल्याकडून एकटाच परत आला तेव्हा यान भरलेलं होतं. तळमजल्यावरच्या टेंपोवाल्या भटूने 'इंजिन' मोठं म्हणून तिथे खाट टाकली होती. सखुबाईंनी धागे कापायला आणलेल्या साड्यांचं गाठोडं 'दवाखान्यात' ठेवलं होतं. कोणी पिंप आणलं होतं, कोणी शिलाई मशीन.

"मावशी, हे काय?"

"मना वाटा शे. बारीक शे पन पापडले पुरस," मंगलाबाई म्हणाल्या. "पन भाऊ, मना समोर संडास कसाले लिखा?"

"तो यानातला आहे."

"कोठला बी ऱ्हाऊ दे. पापडसना समोर नको."

एवढ्यात बिल्डिंगचे सेक्रेटरी बळीराम काका मोजायची टेप घेऊन वर आले. मूळचे ते परभणीकडचे, पण सेक्रेटरी म्हणून बोलायचं झालं की गुजराती बोलत. त्यामुळे बोलण्याला वजन येतं असं त्यांचं मत होतं.

"आ कोने पूछीने कर्युं?"

"काका, हे अंतराळयान आहे. संध्याकाळी निघणार."

"अंतराळयानमां संडास केम?"

"सात-सात महिने प्रवास असतो, काका."

"केटला माणस?"

"सात."

"सातमां एक," बळीराम काकांनी मान डोलावली. "ए तो बराबर छे. अमारे पण एम ज छे." मग त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यात शेवटी आल्यामुळे त्यांच्या वाट्याला नेमकी तीच खोली राहिली होती. "ए योगेंद्र," ते एकदम मराठीवर आले, "मी सेक्रेटरी आहे रे. मला हे?"

भांडण पेटलं. कप्तानवाल्यांना संडास समोर नको होता, इंजिनवाल्याच्या अंगावर ऊन येत होतं, आणि संडास कोणालाच नको होता. ही वाटणी नाही, असं योगेंद्रने चार वेळा सांगितलं. चारही वेळा लोकांनी असा अर्थ काढला, की तो मोठा वाटा स्वतःसाठी लपवतोय. साडेतीन वाजले होते. तो घामाने भिजला होता. आता सगळ्यांना हाकलून द्यावं आणि ओल्सेनसाहेबांना 'जमत नाही' लिहून टाकावं, असं त्याच्या मनात आलं.

आणि मग त्याला दिसलं. सात बिऱ्हाडं, सात खोल्या, प्रत्येकाच्या हातात सामान आणि मध्ये एकच बोळ. इतकी चिडलेली माणसं, पण दुसऱ्याच्या वाट्यात पाऊल पडू नये म्हणून एकही जण साडी उचलून आडवा जात नव्हता. सगळे बोळातूनच भांडत होते.

"उज्ज्वला, मोबाइल घे आणि टाकीवर चढ," तो म्हणाला. मग त्याने आवाज चढवला. "ऐका. मी शपथेवर सांगतो, संध्याकाळी हे सगळं काढणार आहे. तोवर ज्याला जागा पटत नाही त्याने बदलून बघावं. एकच अट आहे. साडीला कोणाचा धक्का लागता कामा नये."

शपथेचा भाग कोणी ऐकला नाही. बदलाबदली मात्र ताबडतोब सुरू झाली. भटू खाट उभी धरून निघाला आणि समोरून सखुबाई गाठोडं घेऊन आल्या. भटू शेजारच्या दारात सरकला, खाट वर गेली, सखुबाई खालून निघाल्या. पिंप मांड्यांमधून पुढे गेलं. मंगलाबाई ताट डोक्यावर धरून अर्ध्या वळल्या, बळीराम काकांनी श्वास आत घेतला, आणि दोघं एकमेकांकडे न बघता पार झाले. बोळाच्या तोंडाशी उभे राहून बन्सीलाल ओरडत होते, "दारमा सरक. आते जाऊ दे त्याले."

यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. खालच्या गॅलरीत पिंपं, चपलांचे रॅक आणि भटूच्या मुलाची सायकल सोडून उरते ती जागा साधारण एवढीच. रोज सकाळी सात बिऱ्हाडं तिथून डबे, बादल्या आणि शाळेची मुलं घेऊन जातात. अकरा मिनिटांत सगळ्यांनी जागा बदलल्या. एकही साडी हलली नाही.

योगेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. व्हिडिओची पहिली दोन मिनिटं नुसती पापडांची निघाली, कारण ते एवढे पातळ कसे लाटलेत हे उज्ज्वलाला बघायचं होतं. तो भाग कापून त्याने पाच वाजून चाळीस मिनिटांनी सगळं पाठवलं. सहाला साड्या उतरवल्या तेव्हा खाली जाताना कोणी त्याच्याशी बोललं नाही. संडास पुसून टाकला, एवढ्याबद्दल बळीराम काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. योगेंद्रने ते उभ्यानेच वाचलं. व्हिडिओ समितीने चार वेळा पाहिला होता. मालिकेचं सामान सांभाळणारे एक आजोबा अजून हयात होते, त्यांनाही विचारलं. कापड कमी पडलं म्हणून आम्ही ते आडवं लावलं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यांनीच उलट विचारलं. व्हँटोराचं मॉडेल स्वीकारण्यात आलं होतं. खाली संग्रहालयाचं पान जोडलेलं होतं.

योगेंद्र खुर्चीत बसला.

"काय झालं? घेतलं ना?" उज्ज्वलाने विचारलं.

"घेतलं. पण मापावरून वाद झाला, तर ज्याने ते माप ठरवलं त्याचं नाव मॉडेलला लागतं. तसा नियमच आहे त्यांचा." त्याने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. यानाच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बन्सीलाल बोरसे, सुरत. त्याखाली बारीक अक्षरांत, मदतनीस, योगेंद्र बोरसे.

अकरा महिने. सहाशे खिडक्या, चार हजार खिळे. तक्रार करायला त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि पुन्हा मागे सारला. कोणाविरुद्ध करणार होता?

बन्सीलाल चहाची बशी घेऊन आले. योगेंद्रने त्यांना सगळं ओरडून सांगितलं. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी आपलं नाव कुठून कुठपर्यंत आहे ते बोट ठेवून विचारून घेतलं. मग त्यांनी बोट खाली सरकवलं.

"आनि तुनं कोठे शे?"

"हे काय, खाली."

"काय लिखेल शे?"

"हेल्पर."

बन्सीलालांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि स्टूल ओढून मुलाच्या शेजारी बसले.

"काही वाईट नही," ते म्हणाले. "मी बी तीन वरीस हेल्परच व्हतू. तठूनच मास्तर व्हतस. आते दुसरं विमान काढ, मी बठेल शे."