बिनडाळीचे बसलिंगअप्पा

कुणी भेटलं की बसलिंगअप्पा शरणार्थ म्हणून हात जोडायच्या आधी दंड पुढं करत. "हात लावून सांगा, मास्तर. कालच्याहून कमी झाला का?" असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखून उभे राहत. नाही म्हटलं तर त्यांना वाटे, समोरचा आपलं मन राखतोय. किंचित झाला म्हटलं, तर लगेच दुकानातली सुतळी काढून दंडाला गुंडाळत आणि गाठ कुठं येते ते बघत. म्हणून सेलूत त्यांच्या गल्लीतली माणसं सकाळी वळसा घालून जायची. मला ते जमत नसे. माझी भाड्याची खोली त्यांच्या दुकानाला लागूनच होती.

निजामाचं राज्य होतं. मी उर्दू शाळेत मराठीचा एकुलता एक मास्तर होतो आणि अप्पांचं किराण्याचं दुकान होतं. कपाळाला विभूतीचे पट्टे, पंचेचाळिशी उलटलेली, आणि देह असा की दुकानाच्या दारातून आत जाताना ते अंग तिरकं करत. घरात दोघंच, ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का. आई गेली तेव्हा अप्पा रांगत होते. आक्कानंच त्यांना वाढवलं, आणि पुढं ती विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. अप्पांनी लग्न केलंच नाही. बायको घरात आली की वजनं परसात ठेवू देणार नाही, असं ते सांगत.

ही वजनं म्हणजे फुटक्या जात्यांच्या दोन पाळ्या. त्यांच्या भोकांतून बाभळीचा दांडा ठोकून घातलेला. रोज पहाटे अप्पा ते धूड चाळीस वेळा डोक्यावर नेत आणि दर वेळी खाली टाकत. माझ्या भिंतीलगतची घागर हलायची. उठायला मला दुसरं काही लागत नसे. नंतर ते भिजवलेले हरभरे खात, तांब्याभर दूध पीत, आणि जेवताना वाडगं भरून तुरीचं वरण. महादेवाच्या जत्रेत एक भला मोठा गोटा खांद्यावर घ्यायची चाल होती, आणि कित्येक वर्षं तो अप्पाच घेत आले होते.

त्या साली जत्रेला तीन आठवडे उरले असताना अप्पांनी दुकानात बसून जाहीर केलं, की त्यांचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, थकलेत. हकीमसाहेबांनी एकवीस दिवस डाळ, दूध, दही, हरभरे, शेंगदाणे, सगळं बंद केलंय. भात, दुधी, दोडका, थोडं तूपगूळ, बस्स. ज्या माणसाला कधी शिंक आलेली कुणी ऐकली नव्हती, तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या गुर्द्यांची हकिगत सांगायला लागला. गिऱ्हाइकाला तूरडाळ मापून देताना ते तोंड दुसरीकडं करत. त्यामुळं मापात नेहमी थोडी जास्तच जायची, आणि त्या दिवसांत दुकानात डाळीलाच गर्दी झाली.

आजारी माणसानं वजनं सोडावीत, असं मी सांगून पाहिलं. अप्पा घाबरून म्हणाले, तेवढं सांगू नका. एक दिवस जरी सोडलं तरी घात होईल. कुणाचा घात, ते त्यांनी सांगितलं नाही.

आठव्या-नवव्या दिवशी सुतळीची गाठ सरकली. अप्पांचं तोंड उतरलं. दुकानात उभं राहिलं की त्यांना भोवळ यायची, मग ते मिठाच्या पोत्यावर बसून माप हातात धरायचे. तरी पहाटेचे चाळीस दणके चुकत नव्हते. मला नवल वाटलं, म्हणून एकदा मी परसाच्या कुडावरून डोकावलो. अप्पा दांडा कसाबसा छातीपर्यंत आणत होते, खाली टाकत होते, आणि मग मुसळ घेऊन जमिनीवर दोन-तीन दणके घालत होते. दणका घातला की घराच्या दाराकडं बघायचे.

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. एवढा मोठा माणूस आणि शेजाऱ्यांना फसवायला मुसळ आपटतो.

दोन दिवसांनी हकीमसाहेब स्टेशनच्या रस्त्यावर भेटले. मी अप्पांच्या गुर्द्यांची चौकशी केली. त्यांना कळेना. अप्पाला काही झालेलं नाही, ते म्हणाले, तो तर बैल आहे. दुखणं त्याच्या बहिणीला आहे. पायांवर, तोंडावर सूज आहे, आणि पथ्य पाळलं नाही तर पुढचं सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी अप्पांना गाठलं. त्यांनी आतल्या दाराकडं बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आक्का पथ्य करंना, मास्तर. म्हणती, तुला वरण वाढून मी दुधी गिळू का? मंग मी म्हनलो, मलाबी तेच दुखणं हाय. आता गावभर सांगायलोय, न्हाई तर कुणीतरी तिला खरं सांगंल. अन् मी वाळलो, असं तिला दिसलं, तर ती त्याच दिवशी चुलीवर डाळ चढवंल."

आक्का आतल्या खोलीत पडून दणके मोजायची. म्हणून ते मुसळ.

त्या दिवसापासून मलाही पहाटे झोप लागेना. दणके चाळीस होईपर्यंत मीही भिंतीशी बसून मोजू लागलो.

एकविसाव्या दिवशी जत्रा होती. अप्पांनी लंगोट कसला, महादेवाला हात जोडले आणि गोट्याला मिठी मारली. गोटा गुडघ्यापर्यंत आला, मांडीवर आला, छातीपर्यंत आला. तिथं तो थांबला. अप्पांचे पाय थरथरायला लागले. मला वाटलं, हा माणूस गोट्याखाली सापडणार. मग गोटा सुटला आणि धुळीत पडला. कुणी हसलं नाही, तेच वाईट होतं. आजारी माणसाकडं बघावं तसं सगळे बघत होते. नंतर एका खेड्यातल्या तरण्या गड्यानं तो खांद्यावर घेतला आणि वाजंत्री वाजली.

परतताना अप्पा एवढंच बोलले. "तुमी म्होरं जा, मास्तर. आक्काला सांगा, उचलला म्हणून. हे खोटं मला तिच्यापुढं जमायचं न्हाई."

मी पुढं गेलो. आक्का चुलीपाशी बसली होती. तोंडावरची सूज बरीच ओसरली होती, डोळे पुन्हा नीट दिसत होते. तिनं विचारलं, उचलला का. मी म्हणालो, उचलला. खांद्यावर? खांद्यावर.

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग तिनं सांगितलं, की सकाळी हकीमसाहेब येऊन गेले. अजून एकवीस दिवस असंच खा म्हणालेत. तिनं मनाशी ठरवलं होतं, गोटा नाही उचलला तर आजपासून पथ्य बंद. शेजारी धुतलेली डाळ तपेलीत तयार होती. "आता उचललाय म्हनल्यावर पथ्य करावं लागंल," ती म्हणाली. डाळीची तपेली तिनं माझ्या हातात दिली, घरी न्या म्हणाली, आणि दुधी चिरायला घेतला.

तेवढ्यात अप्पा आले. जत्रेत गोट्याला चुन्याचा हात देतात. तो चुना अप्पांच्या पोटाला, छातीला फासला होता. खांदे स्वच्छ होते. आक्का उठली, त्यांच्याजवळ गेली. पदरानं तिनं छातीवरचा चुना पुसला. अप्पा मान खाली घालून उभे होते. मग तिनं टाचा उंचावून त्यांचा उजवा खांदाही पुसला, जिथं काहीच लागलेलं नव्हतं.

"लय माखलास," ती म्हणाली. "हात धू. भात झालाय."