खाली बसवू नये

पुंडलिकराव गायधने तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधलं उंच स्टूल सायकलच्या कॅरिअरला बांधत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी शोभाबाई घराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे कुठं नेऊन राहिले?"

"रामाकोन्याले. गुणवंतासाठी."

"त्याच्या घरी बसायले जागा नाई काय?"

"जागा हाय. पण जमिनीवर हाय," पुंडलिकराव म्हणाले आणि त्यांनी दोरीला शेवटची गाठ मारली. कचेरीतला कागद आजवर त्यांनी घरी आणला नव्हता, आणि आज चार पायांचं सरकारी स्टूल घेऊन निघाले होते. फुटबॉलपायी माणूस काय काय करतो बघा!

पुंडलिकराव दिवसा मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसिलीत बाबू आणि संध्याकाळी तिथल्याच फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी. दर सव्वीस जानेवारीला सौंसर आणि पांढुर्ण्याचा सामना व्हायचा आणि गेली सात वर्षं ढाल पांढुर्ण्यालाच जायची. शेवटचा विजय एकोणऐंशी सालचा. तो गोल मारला होता रामाकोन्याच्या गुणवंताने, डाव्या पायाने. त्यानंतर सौंसरला असा पाय पुन्हा मिळाला नाही. पाय होता, पण तो सतत प्लास्टरमध्ये होता.

पहिल्यांदा एक्क्याऐंशीत पांढुर्ण्याच्या बॅकने गुडघा फोडला. दोन वर्षांनी पोरगा जरा धावायला लागला, तर पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पाहायला गेला. नुसता पाहायला! खेळणारे सगळे धडधाकट घरी आले आणि लांब पुलावर उभ्या असलेल्या याच्या नडगीवर गोटा बसला. ती नडगी सांधली, चालणं सुधारलं, सराव सुरू झाला, आणि शहाऐंशीच्या पोळ्याला घरचाच बैल ऐन पूजेच्या वेळी त्याच गुडघ्यावर बसला. बातमी कळली तेव्हा पुंडलिकरावांनी हातातली पुरणपोळी तशीच ताटात परत ठेवली.

त्यातच क्लबचे अध्यक्ष रघुनाथराव, जिनिंगवाले, यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं. "बाबूजी, यंदा ढाल नाई आली तं फुटबॉल बंद. मैदानात माती टाकतो अन् कबड्डी सुरू करतो. कबड्डीले एक रेष लागते, बस. बॉल बी नाई लागत."

पुंडलिकरावांनी वीस वर्षं ते मैदान सांभाळलं होतं. काटे वेचले होते, म्हशी हाकलल्या होत्या, चुन्याने रेषा आखल्या होत्या. तिथं कबड्डी, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. आता सगळी भिस्त एका गुडघ्यावर होती.

दसऱ्यानंतर प्लास्टर निघालं. छोट्या लाइनच्या, नॅरोगेजच्या गाडीने गुणवंताला छिंदवाड्याला नेऊन आणलं ते पुंडलिकरावांनीच. तिथले हाडाचे डॉक्टर तिकडचे, हिंदीवाले. गर्दी फार होती. त्यांनी घाईघाईने चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गाडीत बसल्यावर पुंडलिकरावांनी चष्मा चढवून चिठ्ठी वाचली. गोळ्यांची नावं, आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ: 'मरीज़ को खाली न बैठाएँ.'

"काय लिहिलं, बाबूजी?" गुणवंताने विचारलं.

"खाली नाई बसायचं म्हणते. गुडघा हाय ना, मांडी घालाची नाई."

आता हे कोणालाही पटेल. तहसिलीत हिंदी नोटशीट लिहावी तर गायधने बाबूंनीच, असं तहसीलदार स्वतः म्हणत. त्यांच्या हिंदीवर शंका घेणार कोण? गुडघ्याचा पेशंट, त्याने जमिनीवर बसू नये, यात न समजण्यासारखं काय होतं?

तर असं ते स्टूल रामाकोन्याला गेलं.

गुणवंताची आई वच्छलाबाई साधी माणूस, पण हुकूम मिळाल्यावर पक्की. घरातली सगळी माणसं खाली जेवायला बसत आणि गुणवंता मधोमध स्टुलावर. ताट ठेवायला जागा नाही, म्हणून बाप ताट धरून उभा. सकाळच्या कामाचा प्रश्न निघाला, तेव्हा पुंडलिकरावांनी काळजावर दगड ठेवून आपल्या वडिलांची वेताची खुर्ची दिली आणि सुताराकडून तिच्या बैठकीला मधोमध भोक पाडून घेतलं. ती खुर्ची संत्र्याच्या बागेत नेऊन ठेवायची आणि आणायची, हे काम धाकट्या भावाकडे आलं. तो रोज रडकुंडीला येई.

बोरगावच्या लग्नात पंगत बसली. वरपक्षाकडचे लोक पत्रावळीवर, आणि गुणवंता ज्वारीच्या कोठीवर. वाढप्याने हात उंच करून वरण वाढलं ते नवरदेवाच्या मामाच्या डोक्यावर. मारुतीच्या देवळात कीर्तन होतं, तिथं बुवांनी पूर्वरंगातच टाळ थांबवले.

"मी खाली उभा, देव गाभाऱ्यात, अन् हा कोन वर बसून राहिला?"

"महाराज, डॉक्टरचा आदेश हाय," पुंडलिकराव हात जोडून म्हणाले आणि त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. बुवांनी ती वाचली आणि मुकाट्याने अभंग उचलला. बुवाही सौंसरचेच.

दर रविवारी पुंडलिकराव बारा किलोमीटर सायकल मारत जात आणि लांबूनच ओरडत, "खाली तं नाई बसला?"

"नाई, बाबूजी!" स्टुलावरून उत्तर येई.

पोराला हलायला बंदी कोणी केली नव्हती, पण हलणार कसा? स्टुलावरून उतरायचं म्हणजे दोघांनी धरायचं. वच्छलाबाई दूध, लाडू, तूप वर पोचवत होत्या. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, गुणवंताला दोन हनुवट्या दिसायला लागल्या. मांडी मात्र वाळत चालली होती. "सूज उतरून राहिली," पुंडलिकराव समाधानाने म्हणाले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते त्याला पुन्हा छिंदवाड्याला घेऊन गेले. डॉक्टर त्या दिवशी निवांत होते.

"खाली तो नहीं बिठाया?" त्यांनी विचारलं.

"राम राम, साहब! एक मिनट नहीं!"

"शाबास. क्या क्या करवाया?"

"स्टूल पर बिठाया."

"स्टूल पर बिठाके क्या करवाया?"

"कुछ नहीं, साहब. सिर्फ बिठाया."

डॉक्टरांनी चष्मा काढला. गुणवंताची मांडी दाबली, गुडघा वाकवला. गुडघा कुरकुरला आणि गुणवंता ओरडला.

"ढाई महीने?"

"जी. लगन में भी कोठी पर बिठाया. कीर्तन में भी."

"बाबूजी," डॉक्टर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "खाली मत बिठाना, यानी बेकार मत बिठाना! रिकामा, रिकामा! चलाओ उसको! साइकिल चलवाओ! आप लोग हिंदी नहीं समझते?"

असं म्हणून चाळीस हजार नोटशीटांवर त्यांनी पाणी फिरवलं. परतीच्या गाडीत रामाकोना जवळ आलं तेव्हा गुणवंता म्हणाला, "बाबूजी, मले वाटलंच होतं. गाय बी बांधून ठेवली तं तिचे पाय आखडते. पण तुमची हिंदी चांगली, म्हून मी गप राहिलो."

पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. या पोराचे तीन वेळा पाय मोडले ते पांढुर्ण्याने, गोट्याने आणि बैलाने. चौथ्या वेळचं पाप मात्र सरळ आपल्या माथी, असं त्यांना वाटलं आणि ते वाटणं काही खोटं नव्हतं.

हाती उरले वीस दिवस. पुंडलिकरावांनी रजा टाकली. पहाटे गुणवंता सायकलवर, बाबूजी मागून दुसऱ्या सायकलवर. दुपारी बागेत संत्र्यांच्या टोपल्या उचलायच्या, संध्याकाळी मैदानाला फेऱ्या. गुणवंता लंगडला की बाबूजींचा जीव वरखाली होई. "दुखते काय रे?" "नाई." "खरं सांग." "बाबूजी, तुम्ही विचारलं का मंग दुखते."

सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन उरकून अख्खं सौंसर मैदानाला वेढा घालून उभं राहिलं. पांढुर्ण्याहून दोन ट्रक भरून माणसं आली. रघुनाथराव खुर्चीवर, आणि त्यांच्या शेजारी कबड्डीच्या पोरांचा म्होरक्या, आधीच मिशीला पीळ देत. बरोबरी झाली तर ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहायची, म्हणजे सौंसरला एक गोल हवाच होता. आणि दहा मिनिटं उरली तरी कोणाचाच गोल नव्हता.

"बाबूजी, उतरवा आता मले," तोवर रेषेबाहेर राखून ठेवलेला गुणवंता म्हणाला.

"उतर, लेका. पण जपून."

"जपून फुटबॉल कसा खेळू?"

तो उतरला आणि मैदानाचा नूरच बदलला. जाडा झाला होता, दम लागत होता, पण चेंडू पायाशी आला की पाय तोच जुना होता. शेवटचं मिनिट. मधून पास आला, गुणवंताने दोघांना चकवलं आणि गोल समोर उघडा पडला. तेवढ्यात पुंडलिकरावांना दिसला पांढुर्ण्याचा बॅक तुळशीराम. एक्क्याऐंशीत गुडघा फोडणारा तोच. डाव्या अंगाने तो बैलासारखा मुसंडी मारत येत होता.

आणि बाबूजींचं डोकं फिरलं. तीन प्लास्टरं, ते स्टूल, ती भोकाची खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे नाचलं. ते रेष ओलांडून आत धावले. "गुणवंता! सोड तो बॉल! पाय वाचव बे, पाय!"

तुळशीराम वाटेतच घसरून पडला. गुणवंतापासून चांगला दहा हात लांब. गुणवंताने डावा पाय मागे घेतला आणि असा फटका हाणला की गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. चेंडू सरळ गोलात निघाला होता. गोलाच्या तोंडाशी पुंडलिकराव पोचले होते.

खाट्कन आवाज आला. चेंडू बाबूजींच्या उजव्या गुडघ्यावर आपटून बाहेर गेला. रेफरीने शिट्टी मारली, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा शिट्टी मारली. ढाल पांढुर्ण्याच्या ट्रकमध्ये चढली.

गुणवंता धावत आला. अगदी सरळ धावत. पुंडलिकरावांनी जमिनीवर पडल्या पडल्या आधी तेच विचारलं, "दुखते काय रे?"

"मले नाई दुखत, बाबूजी," तो म्हणाला. "तुमचा गुडघा काहून असा वाकडा दिसून राहिला?"

रघुनाथराव खुर्चीवरून उठून आले. "गोल तं होताच," ते म्हणाले. "पोट्ट्यात दम हाय. एक साल अजून देतो फुटबॉलले. पण सेक्रेटरी गुणवंता. अन् बाबूजी सामन्याच्या दिवशी तारेच्या कुंपणाबाहेर."

मैदान वाचलं, पण बाबूजींचं राहिलं नाही. याहून वाईट आणखी काय व्हायचं, असं त्यांना वाटलं. व्हायचं होतं.

छिंदवाड्याच्या डॉक्टरांना तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, म्हणून बाबूजींना नागपूरला नेलं. मार्चमध्ये प्लास्टर निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ मराठीत चिठ्ठी लिहून शोभाबाईंच्या हातात दिली: 'रुग्णास खाली बसवू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात शिट्टी वाजली. गुणवंता रामाकोन्याहून सायकलवर आला होता. गळ्यात क्लबची शिट्टी, बगलेत एक रिकामी टोपली.

"चला, बाबूजी. मैदानाच्या दोन फेऱ्या, मंग बागेत संत्री."

"अबे, डॉक्टरनं खाली बसू नोको म्हणलं. शोभा, ते स्टूल आण!"

"गुणवंतानं आणून दिलेलं स्टूल मी कालच कचेरीत वापस पाठवलं," शोभाबाई आतून म्हणाल्या. "आता मले समजते खाली म्हंजे काय ते. रिकामं नाई बसू द्यायचं."

"अवं, हा डॉक्टर नागपूरचा हाय! मराठी हाय! खाली म्हंजे खालीच!"

गुणवंताने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद उभं केलं.

"अडीच महिने तुम्ही मले बी असंच सांगत होते, बाबूजी," तो मायेने म्हणाला आणि त्याने शिट्टी तोंडात घेतली.