दगडोबाची मान

एका जंगलात त्या दिवशी ऊन पडलंच नाही. पौषातलं धुकं ओढ्यावर येऊन बसलं होतं, ते दुपार झाली तरी उठेना. सागाच्या पानांवरून दव टपटप गळत होतं. गारठा असा की बोलणाऱ्याच्या तोंडातून आधी वाफ यायची, मग शब्द.

मुलांनो, ही हवा ध्यानात ठेवा. पुढं तिचं काम आहे. मी काही शाळेत गेलेला नाही. एकदा पावसात शाळेच्या वऱ्हांड्यात उभा राहिलो होतो, तेवढंच माझं शिक्षण. त्यामुळं गोष्ट सांगताना मी हळू जातो. शिकलेली माणसं मधलं मधलं गाळतात, मला ते जमत नाही.

तर त्या जंगलात एक उंच सुळका होता आणि सुळक्यावर एक विद्यापीठ होतं. तिथं फार थोड्यांना घेत. कुणाला घेतात, का घेतात, हे खाली कुणालाच कळत नसे. आणि जे कळत नाही ते सांगणारा कुणीतरी लागतोच.

जंगलाला तो मिळाला दगडोबाच्या रूपानं. दगडोबा हे एक म्हातारं कासव. माझ्यासारखंच निरक्षर. ओढ्याकाठच्या कातळावर पडून राहायचं, एवढाच त्याचा उद्योग. एकदा चैत्रातल्या दुपारी वानरराव आपल्या थोरल्याला घेऊन तिथून चालले होते. त्यांनी सहज विचारलं, "काय दगडोबा, आमच्या पोराचा लागेल का नंबर वर?"

ऊन छान होतं. कोण बोलतंय ते बघायला दगडोबानं मान चांगली लांब बाहेर काढली.

त्या पोराला प्रवेश मिळाला.

झालं. मान लांब आली की शक्यता जास्त, आखूड आली की कमी, असं जंगलानं ठरवून टाकलं. दगडोबाला कुणी विचारलं नाही. शेजारच्या बिळातला खेकडा मोजणीला बसला. गवताची काडी लावून तो मान मोजायचा आणि गंभीर चेहऱ्यानं टक्के सांगायचा. खेकड्याला गंभीर चेहरा वेगळा करावा लागत नाही.

पुढं तर मौजच झाली. टक्के मिळाले की लोक तिथंच थांबू लागले. ज्याला ऐंशी मिळाले तो म्हणे, "आता वर कशाला जायचं? नाही म्हणाले तर असलेले ऐंशीही जातील." ज्याला पाच मिळाले तो म्हणे, "आता वर कशाला जायचं?" लग्नाच्या बोलणीत कोल्हे सांगू लागले, "मुलगा सत्तर टक्के आहे, स्थळ सोडू नका." सुळक्याकडं कुणी फिरकेना. विद्यापीठानं कित्येक वर्षं एकालाही घेतलं नाही, त्यामुळं त्याचं नाव आणखीच मोठं झालं.

त्या धुक्याच्या दिवशी सगुणा साळिंदरीण आपल्या लेकीला घेऊन कातळाशी आली. लेकीचं नाव चिमी. गेल्या वैशाखात ओढा सुकला, तेव्हा चिमीचा बाप पाणी शोधायला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी जातं कुठं, एवढंच तिला शिकायचं होतं. ज्याला त्याला ती विचारी. सगळे म्हणत, "आटतं." ती म्हणे, "आटतं म्हणजे कुठं जातं?" मग तिला कुणी जवळ बसवून घेत नसे. साळिंदराला तसंही कुणी जवळ बसवून घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

"उन्हाच्या वेळा वानरांनी आधीच धरून ठेवल्यात," खेकडा म्हणाला. "आजची वेळ मोकळी आहे."

"आजचीच का मोकळी?" चिमीनं विचारलं.

"जास्त बोलायचं नाही. समोर बस."

चिमी बसली. दगडोबाची मान पार आत होती. पुष्कळ वेळानं नाकाचं टोक तेवढं बाहेर आलं आणि तिथंच थांबलं.

खेकड्यानं काडी लावली, काढली, परत लावली. "काडीवर येतच नाही," तो म्हणाला. "शून्य म्हणवत नाही, म्हणून अर्धा टक्का म्हणतो."

सगुणाचे काटे पाठीवर मिटून गेले. "उद्या ऊन पडलं तर परत मोजाल का, भाऊ?"

"उद्या काय उपयोग? वरचं दार आज संध्याकाळी बंद होतंय. आता पुढच्या वर्षी."

वानरराव तिथंच उभे होते. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी," ते म्हणाले. "अर्ध्या टक्क्यातही पुष्कळ जण सुखानं राहतात. आमच्या धाकट्याला ब्याऐंशी आलेत, पण आम्ही कधी मिरवत नाही." हे ते सकाळपासून सगळ्यांना सांगत होते.

दगडोबा कवचात कासावीस झाला. त्याला खरं सांगायचं होतं, पण त्याचं बोलणं हळू.

"पोरी," तो म्हणाला. मग बराच वेळ गेला. "मला..."

"वाईट वाटतं," खेकड्यानं वाक्य पुरं करून टाकलं. "कळलं. चला, काडी वाळायला ठेवतो." तो बिळात गेला. वानररावही गेले.

सगुणा चालू लागली. चिमी उठेना.

"चल ना गं."

"थांब आई. त्यांचं वाक्य राहिलंय."

दोघी थांबल्या. दव गळत राहिलं. शेवटी कवचातून आवाज आला, "मला... थंडी वाजतेय."

चिमीनं त्यावर विचार केला. "म्हणून मान आत?"

"हो."

"आणि ऊन असलं की?"

"बाहेर."

"मग मला वर घेतील का?"

दगडोबानं नाक जरा आत ओढलं. मग म्हणाला, "मला काय ठाऊक, बाई. मी वर गेलोच नाही कधी. मला चढ जमत नाही."

"मग मी बघून येते," चिमी म्हणाली.

"अगं, अर्धा टक्का घेऊन कुठं निघालीस?" सगुणा म्हणाली. "हसतील तुला."

"इथं हसतातच की. वर हसतात का ते तरी कळेल."

सगुणानं लेकीच्या काट्यांतलं अडकलेलं पान काढलं आणि वाट सोडली.

सुळक्यावरच्या दारात घोरपड झोपली होती. कुणी येईचना, तर ती तरी काय करणार. चिमीनं तिला हलवलं आणि म्हणाली, "प्रवेश पाहिजे." घोरपड दचकली आणि आत पळाली. जरा वेळानं कुलगुरू बाहेर आले. ते म्हणजे एक थकलेला रानगवा.

"काय शिकायचंय?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात पाणी कुठं जातं ते."

"ते आम्हालाही नीट ठाऊक नाही," कुलगुरू म्हणाले.

"माझी शक्यता अर्धा टक्का आहे," चिमीनं आधीच सांगून टाकलं.

गव्यानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या रिकाम्या वाटेकडं पाहिलं. "ते कशावरून काढतात, मला माहीत नाही," ते म्हणाले. "आत ये. शोधू."

बातमी खाली आली. जंगल रात्रभर कुजबुजलं आणि सकाळी शहाणं झालं.

सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. दगडोबानं आनंदानं मान बाहेर काढली. तोच वानरराव धावत आले. "आत घ्या, दगडोबा, आत घ्या. नाकाएवढीच ठेवा. आमच्या धाकट्याला अर्धाच टक्का पाहिजे." मागं रांग लागली होती. कुणीतरी ओढ्याचं गार पाणी आणून दगडोबाच्या पाठीवर ओतलं. ऐंशीवाल्यांची ठरलेली लग्नं त्या दुपारी मोडली. दगडोबा आता वडाच्या दाट सावलीत, ओल्या पाचोळ्याखाली असतो. "मला..." असं तो अजून म्हणतो. खेकडा वाक्य पुरं करतो.

तात्पर्य: प्रयत्न करावा, असं शिकलेले लोक सांगतील. तसं काही नाही. दुसऱ्याची शक्यता सांगायला बसणाऱ्यानं आधी आपल्या पांघरुणाची सोय बघावी.

आमच्या शेजारी वामनराव खैरे राहतात. त्यांची तनुजा यंदा कुठल्याशा मोठ्या विद्यापीठासाठी परीक्षेला बसतेय. मी म्हातारा आहे आणि थांबून थांबून बोलतो, म्हणून मला पुष्कळ कळतं, असा वामनरावांचा समज आहे. काल त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. दोनदा मान डोलावली. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "पटलं, तात्या. मग तनूला उद्या पहाटेच घेऊन येतो तुमच्याकडं, गारठा असतानाच."