तळेगावच्या ग्रुपला नाटक हवंय

"मॅडम आहेत का?" फोनवरच्या माणसाने विचारलं आणि हिंदुरावांच्या तोंडातला चहा कडू झाला.

फोन बायकोचा होता. तेजस्विनी दिघीतल्या वाचनालयात कामाला होती. नवी नाटकं वाचायची आणि कुठलं वाचावं, कुठलं बसवावं हे दर रविवारी मोबाइलवर बोलून लोकांना पाठवायची. आता तळेगावपासून चाकणपर्यंतची हौशी मंडळी तिला विचारल्याशिवाय नाटकाला हात लावत नव्हती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण हिंदुरावांना ते पिकलेलंच खुपत होतं. चाकणच्या कंपनीत नाटक त्यांनी निवडायचं आणि नायकही त्यांनीच व्हायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. असं असताना लोकांनी सल्ला मागावा तो बायकोकडे! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात कामगारांची नाट्यस्पर्धा जवळ आली. क्वालिटी विभागातली मैत्री कंपनीच्या नाटक ग्रुपची सेक्रेटरी. तिने मीटिंगमध्ये सरळच विषय काढला. "काका, या वर्षी काकूंनाच विचारूया ना. मागच्या वेळी तुमच्या तलवारबाजीत परीक्षक झोपले होते."

"तिला काय कळतंय! पुण्यात माझ्या वळखीचा तज्ज्ञ हाय. त्याला इचारतो."

असा तज्ज्ञ अख्ख्या पुण्यात नव्हता. मैत्री रोज विचारू लागली आणि शेवटी "राहू द्या, मीच काकूंना फोन करते" म्हणाली, तेव्हा हिंदुरावांनी कंपनीतल्याच प्रेस शॉपमधल्या विक्कीला चहाच्या टपरीमागे गाठलं. "माझ्या बायकूला फोन लाव. तळेगावचा ग्रुप हाय म्हण. माझं नाव काढलंस तर बघ."

विक्कीने फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, तळेगाववरून बोलतोय. आमच्या ग्रुपला नाटक पाहिजे."

"माणसं कशी आहेत तुमची?"

विक्की मनाचा मोकळा. "पोरं भारी आहेत मॅडम. पण एक सीनियर आहेत. डायलॉग लक्षात राहत नाहीत, ओरडतात लय, अन् मेन रोल नाही दिला तर रुसतात."

हिंदुरावांनी डोळे वटारले, पण बोलायची सोय नव्हती.

"असा एक असतोच हो प्रत्येक ग्रुपमध्ये," तेजस्विनी म्हणाली. "'अप्पा बोलत नाहीत' घ्या. नवीन आहे. अप्पा मधोमध बसून असतात आणि सगळं नाटक त्यांच्याभोवती फिरतं. पडदा पडेपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत. पोस्टरवर त्या सीनियरचं नाव पहिलं टाका, खूश होतील."

"मला मुका करती व्हय!" हिंदुराव उसळले. विक्कीने घाईघाईने फोन कापला.

पण दुसरा इलाज नव्हता; पुण्याच्या तज्ज्ञाने सुचवलंय म्हणून त्यांनी तेच नाटक मैत्रीला सांगितलं. तिला ते फारच आवडलं आणि हिंदुरावांचं नाव खरोखरच पोस्टरवर पहिलं आलं. आपल्याला वाक्यं नाहीत म्हटल्यावर हिंदुरावांनी ते वाचायचे कष्टही घेतले नाहीत. तालमीला खुर्चीत बसायचं आणि कुणाचं काही न ऐकता बायकोवर चरफडायचं, एवढंच काम होतं.

प्रयोग भोसरीच्या नाट्यगृहात होता. तिसऱ्या घंटेआधी हिंदुरावांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तेजस्विनी आत आली आणि इतर कंपन्यांची माणसं पटापट उठली. "मॅडम, इकडे बसा!" "मॅडम, पुढे या ना!" हिंदुरावांचे जबडे आवळले, डोळ्यांत पाणी तरारलं. मत्सराने पेटलेला तोच चेहरा घेऊन ते दोन अंक बसून राहिले. प्रेक्षक हळहळले. काय सोसलंय या अप्पांनी!

अभिनयाचं पहिलं बक्षीस हिंदुरावांना मिळालं. आयुष्यातलं पहिलंच.

"इतकं वेगळं नाटक सुचवलं कुणी?" परीक्षक सुमनताईंनी माइकवर विचारलं.

मैत्री पुण्याच्या तज्ज्ञांबद्दल सांगायला पुढे झाली, तोच हिंदुरावांनी माइक ओढला. "मीच."

टाळ्या पडल्या. सुमनताई हसल्या. "मग सांगा, अप्पा का बोलत नाहीत?"

हिंदुरावांना पत्ताच नव्हता. ते खाली बघत उभे राहिले.

"वा! अजून भूमिकेतच आहेत," सुमनताई म्हणाल्या आणि पुन्हा टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात तेजस्विनीच वाजवत होती. ते बघून हिंदुरावांना पहिल्यांदाच जळण्याऐवजी ओशाळल्यासारखं झालं.

परतताना ती मागे बसल्या बसल्या म्हणाली, "तळेगावच्या ग्रुपने नाव काढलं हो."

मोटारसायकल खड्ड्यात जाता जाता वाचली.

"विक्कीचा नंबर आहे म्हटलं माझ्याकडे. तुमची शिफ्ट लांबली की त्यालाच तर विचारते."

हिंदुरावांनी गाडी सावकाश केली. मग हळूच विचारलं, "पर त्यो अप्पा गप का ऱ्हातो गं?"

"त्याला बायकोचं फार कौतुक असतं. ते काही तोंडातून निघत नाही, आणि दुसरं बोलायला मन होत नाही."

"मंग? शेवटाला तरी बोलतोय का न्हाई?"

"तुम्हीच केलंत ना काम? पडदा पडतो."

दिघीला दारात गाडी लावून हिंदुरावांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग ट्रॉफी तिच्या हातात कोंबली.

"ही तुझ्या नाटकांच्या कपाटात ठेव," ते म्हणाले आणि चपला काढता काढता वळले. "पुस्तकांच्या म्होरं ठेव पण. दिसली पायजे."